नो क्लेम

गाडी ठोकली तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी फार धीराची आहे म्हणून नव्हे. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. दूध उतू जायला लागलं तरी मी बघत उभी राहायचे आणि सगळं सांडून झालं की मग शेगडी बंद करायचे.

पालेगावात हल्ली असा एक रस्ता आहे की एका बाजूला उंच उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी उरलेला भातशेतीचा तुकडा. वळणावर सिमेंटचे ठोकळे ठेवलेले असतात. का ठेवतात ते ठेवणाऱ्यालाही माहीत नसावं, कारण दर आठवड्याला त्यांची जागा बदललेली असते. मी डावीकडे वळले आणि ठोकळा आडवा आला. खरं म्हणजे तो होता तिथेच होता, मीच त्याच्या अंगावर गेले. उतरून पाहिलं तर डावा हेडलाइट फुटला होता, बाजूचं मडगार्ड आत दबलं होतं आणि बंपर एका टोकाने सुटून रस्त्याला टेकला होता. दुसऱ्या कुणाच्या गाडीकडे बघावं तशी मी बघत राहिले.

एक स्कूटरवाला थांबला. "ताई, कुठे लागलं नाही ना?"

"नाही."

त्याने डिकीतून सुतळी काढली, खाली बसून बंपर नीट बांधून दिला आणि हात झटकत म्हणाला, "मिस्टरांना फोन लावून देऊ का? घाबरला असाल तुम्ही."

"नको," मी म्हटलं. "ते कामात असतील."

माझ्या मिस्टरांना जाऊन तेव्हा दोन महिने होत आले होते.

मी खोटं बोलले, पण त्यात काही हेतू नव्हता. कंटाळा होता. नवरा गेला असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, मग तो "कसं काय, वय काय होतं" विचारतो, मग मला त्याचीच समजूत काढावी लागते. ओळखीच्यांसाठी मी ते सगळं केलं होतं. अनोळखी माणसांसाठी करायची माझ्यात ताकद नव्हती. त्यामुळे भाजीवाला, सिलिंडर आणून देणारा, बँकेतून कर्ज हवं का विचारणारी फोनवरची मुलगी, या सगळ्यांच्या लेखी आमचे हे अजून जिवंत होते आणि भलतेच कामात होते.

गाडी मी चालवत होते ती तरी कुठे जाण्यासाठी? नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते, एवढं मला त्यांच्याकडून माहीत होतं. म्हणून रविवारी बदलापूरला कात्रपच्या आमच्या सोसायटीतून ती बाहेर काढायची, अंबरनाथच्या बाजूला पालेगावपर्यंत न्यायची आणि परत आणून लावायची. लायसन्स आम्ही दोघांनी एकदमच काढलं होतं. पण मी स्टिअरिंगवर बसले की हे शेजारच्या सीटवर उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत बसायचे. तेवढ्याने मलाच दम लागायचा. म्हणून चालवायचं काम त्यांच्याकडे आणि खिडकीतून बघायचं माझ्याकडे, अशी वाटणी झाली होती.

त्यांच्या गाडी चालवण्यावर आमच्याकडे खूप विनोद झाले आहेत. चाळीसच्या वर काटा जायचा नाही. मागचे रिक्षावाले भोंगे वाजवून वाजवून थकायचे आणि पुढे जाताना मान बाहेर काढून जे काय बोलायचे ते बोलायचे. हे आरामात म्हणायचे, "एवढी घाई होती तर काल निघायचं." मुलगी लहान असताना विचारायची, "बाबा, आपण चाललोय का थांबलोय?"

हे अंबरनाथला बुवापाड्यातल्या एका खोलीत वाढले. पाच भावंडं, वडील कारखान्यात, हेही पुढे कारखान्यातच, माल तपासायच्या विभागात. त्यांच्या सगळ्या घराण्यात पहिली चारचाकी आमची. घेतली त्या दिवशी आधी बुवापाड्यात नेली, विहारासमोर उभी केली, तिथेच उभ्या उभ्या त्रिशरण-पंचशील झालं आणि मग गल्लीतली पोरं पाळीपाळीने आत बसली. त्या दिवसापासून त्यांनी तिला एक ओरखडा येऊ दिला नाही. जुन्या बनियनने पुसायचे, बनियनही आधी धुतलेला.

आणि दर वर्षी विम्याचा कागद आला की मला दाखवायचे. आपण वर्षभर क्लेम केला नाही तर पुढच्या हप्त्यात सूट मिळते, ती वाढत वाढत जाते. नो क्लेम बोनस. हे नुसतंच 'नो क्लेम' म्हणायचे. "बघ, यंदा नो क्लेम पंचवीस." "बघ, पस्तीस." एखादा मुलगा प्रगतिपुस्तक दाखवतो तसे. पन्नासवर पोचले तेव्हा श्रीखंड आणलं होतं. मी म्हटलं, पन्नासला काय श्रीखंड? तर म्हणाले, "इथे पन्नासच्या वर कुणालाच देत नाहीत. पन्नास म्हणजे पैकीच्या पैकी. शाळेत जमलं नाही, इथे जमवलं."

सुतळी बांधलेली गाडी मी सोमवारी उल्हासनगरला नेली. गॅरेजवाला सिंधी, आमच्या गाडीचं सगळं पहिल्यापासून त्याच्याकडेच. मला एकटीला उतरताना पाहून तो गल्ल्यावरून उठून बाहेर आला.

"अरे भाभी, आज साहेब नाही? ते तर गाडीला कोणाला हात लावू देत नाही!" मग बंपर पाहून त्याने कपाळावर हात मारला. "ये क्या हो गया? एवढ्या वर्षात एक स्क्रॅच नाही. साहेब क्या बोले?"

"अजून काही बोलले नाहीत," मी म्हटलं.

"गुस्सा असणार. बोलणार नाही, पण आतून गुस्सा असणार. मी ओळखतो ना त्यांना." त्याने खाली वाकून मडगार्ड चाचपलं. "हे बघा, दोन रस्ते. क्लेम करायचा तर ओरिजिनल माल टाकायचा, सर्व्हेअर येणार, फॉर्मवर साहेबांची सही पाहिजे. क्लेम नाही करायचा तर इकडचा माल टाकतो. उल्हासनगरचा बंपर, कंपनी से अच्छा. कलर असा मारून देतो की साहेबांना पत्तापण लागणार नाही."

"विचारून सांगते," मी म्हटलं आणि फॉर्म घेऊन रिक्षात बसले.

फॉर्म दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता. विमाधारकाची सही, त्याच्यापुढे एक मोकळा चौकोन. मी समोर बसून जेवायचे. पुण्याहून मुलीचा फोन आला, तिला सांगितलं. ती आधी ओरडली की तू एकटी चालवतेस कशाला, आणि मग म्हणाली, "आई, क्लेम कर ना यार, सिंपल है. इन्शुरन्स असतो कशाला?" तिच्या पिढीला सगळं सिंपल असतं. मी "बघते" म्हटलं. त्या दोन महिन्यांत मी सगळ्यांना "बघते" एवढंच म्हणत होते.

शेवटी आमच्या एजंटलाच बोलावलं. एजंट म्हणजे यांचा बुवापाड्यातला लहानपणापासूनचा मित्र. सरकारी नोकरी सांभाळून विम्याचं काम करायचा. हे गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला खुर्च्या लावण्यापासून आलेल्यांना पाणी देण्यापर्यंत सगळं त्यानेच पाहिलं होतं. त्याला काही नव्याने सांगावं लागणार नव्हतं, हाच मोठा आराम.

तो ऑफिसातून परस्पर आला, चहा घेतला, फॉर्म उलटून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"वहिनी, पॉलिसी त्याच्या नावावर आहे. माणूस गेला की तीन महिने ती चालते. तेवढ्यात गाडी आणि पॉलिसी तुमच्या नावावर करून घ्यायची. तो गेल्याचा दाखला जोडला की क्लेमसुद्धा होईल, अडचण काही नाही. पण माझं ऐकाल तर करू नका."

"का?"

"नो क्लेममुळे." तो जरा पुढे सरकला. "तुम्हाला माहिती नसेल, नो क्लेम वारसाला मिळतो. गाडी तुमच्या नावावर झाली की त्याचे पन्नास टक्के तुमचे. आणि आता हा एवढासा क्लेम टाकलात तर सगळं शून्य. एका बंपरसाठी! पहिल्यापासून सुरू करायचं पुन्हा. उल्हासनगरचा बंपर टाका, विसरून जा."

मी म्हटलं, "नो क्लेम वारसाला मिळतो?"

"मिळतो ना. त्याने कमावलेली वस्तू आहे ती. मला नेहमी बोलायचा, मरेपर्यंत एक क्लेम करणार नाही बघ. आणि करून दाखवलंन त्याने." हे बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. कप उचलून बेसिनमध्ये ठेवायला म्हणून तो आत गेला आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मला त्याचं पटलं होतं. हेही सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते वाचून वाटेल की माझ्या मनात आधीपासून काही होतं. नव्हतं. गेलेल्या माणसाने मागे काय काय ठेवलं याचा हिशेब घरात लागतोच. यांनी हा फ्लॅट ठेवला होता, कंपनीचे दोन जोड बूट, मापाप्रमाणे वेगवेगळ्या डब्यांत लावलेले स्क्रू आणि आता कळलं की हेही. नवऱ्याने जन्मभर नीट गाडी चालवल्याबद्दल बायकोला सूट. बरं वाटायला हवं होतं. मी "बरं, नाही करत" म्हटलं. तो समाधानाने गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळाने वास आला. आमच्याकडे संध्याकाळी येतो, ढगाळ हवेत जास्त. कुठलीतरी कंपनी गॅस सोडते, कोणती ते कधीच कळत नाही. नाक चुरचुरतं, डोळ्यांतून पाणी येतं. बदलापूर-अंबरनाथमध्ये 'गॅस आहे' म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही, सरळ उठून खिडक्या लावतं. मीही उठले. स्वयंपाकघराची खिडकी लावली, हॉलची लावायला गेले आणि हात काचेवर तसाच राहिला.

यांच्या शेवटच्या संध्याकाळी मी हेच केलं होतं. हे कामावरून आले, सोफ्यावर बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं आणि म्हणाले, "गॅस आहे गं." मी पोळ्या करत होते. तव्याखालची आच कमी केली, खिडक्या लावल्या, बाल्कनीच्या दाराला खालून ओला पंचा लावला. मग विचारलं, "आता येतोय का?"

ते हसले. "अगं वास नाही. छातीत गॅस झालाय."

आमचं दोघांचं हसून झालं. मग ओवा दिला, सोडा दिला. चेहऱ्यावर घाम होता. मला तो बंद खिडक्यांमुळे आला असं वाटलं, म्हणून पंखा वाढवला. तरी मी म्हटलं होतं, चला, दाखवून येऊ, कात्रपमध्येच दोन हॉस्पिटलं आहेत. तर म्हणाले, "गेलो की अ‍ॅडमिट करून घेतात. मग मेडिक्लेम लावायचा. इतकी वर्षं तिथेही नो क्लेम आहे आपला, एका ढेकरेपायी घालवू? सकाळी कमी नाही वाटलं तर जाऊ."

मला ते शहाणपणाचं वाटलं. मी वाद घातला नाही. सकाळी ते उठले नाहीत.

दोन महिने मी ही गोष्ट येणाऱ्या प्रत्येकाला सांगितली होती, पण सांगताना 'गॅस समजलो' एवढंच सांगायचे. नो क्लेमचं वाक्य मी कधीच सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असं नाही. मला ते वाक्य महत्त्वाचं वाटलंच नव्हतं. ते असं काहीतरी रोजच बोलायचे.

त्या संध्याकाळी खिडकीपाशी उभं राहून मला पहिल्यांदा ते ऐकू आलं. आणि मग बाकीचंही. हा माणूस लग्नाच्या पंगतीत शेवटी बसायचा, तोवर जिलबी संपलेली असायची. प्रमोशनची यादी लागायची तेव्हा साहेबांसमोर जायचा नाही, म्हणायचा, त्यांना दिसतंय की माझं काम. दवाखान्यात आपला नंबर आला की मागे लहान मूल रडतंय म्हणून त्यांना पुढे पाठवायचा. मला या सगळ्याचं कौतुक होतं. माहेरी जाऊन मी सांगायचे, आमचे हे कुणाकडे काही मागत नाहीत. जन्मभर त्यांनी कुणाकडे काही मागितलं नाही, आणि न मागितल्याबद्दल त्यांना काय मिळालं, तर सूट. आणि मरताना तीच माझ्या नावावर करून गेले.

मला राग आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी आलं, तर ते रडू नव्हतं, राग होता. मेलेल्या माणसावर इतका राग येतो हे मला माहीत नव्हतं. कसला बोनस? कुणाला दाखवायचे होते पैकीच्या पैकी? हप्ते भरले होते ना आपण, एकही न चुकवता? मग ते हॉस्पिटल आपलंच होतं, तो पलंग आपला होता, तो रात्रपाळीचा डॉक्टर आपला होता. मागायचं होतं नुसतं. त्यांनी मागितलं नाही आणि मी त्यांच्यासाठी मागितलं नाही. मी खिडक्या लावत बसले.

हॉलची खिडकी उघडीच ठेवून मी एजंटला फोन केला. तो अजून घरीही पोचला नव्हता.

"क्लेम टाका," मी म्हटलं.

"वहिनी, आत्ता तर आपलं ठरलं..."

"टाका."

"पन्नासाचं शून्य होईल. त्याची आठवण आहे ती, वहिनी. आवडलं नसतं त्याला."

"नसतं आवडलं," मी म्हटलं. "मला तरी कुठे सगळं आवडलंय? टाका."

 तो म्हणाला, "उद्या कागद घेऊन येतो. सही तुमची लागेल."

दोन दिवसांनी सर्व्हेअर गॅरेजमध्ये यायचा होता. मी ऑफिसात अर्धा दिवस रजा टाकून आधीच गेले, कारण गॅरेजवाल्याला आता खरं सांगणं भाग होतं. त्याने मला पाहून हाक मारली, "काय ठरलं भाभी? साहेबांनी सही दिली?"

"साहेब वारले," मी म्हटलं. "पाऊस संपता संपता. त्या दिवशी तुम्हाला बोलले नाही मी. सही माझी चालणार आहे."

त्याने आत जाऊन आधी टेपवर चालू असलेलं गाणं बंद केलं. मग बाहेर येऊन माझ्यासाठी खुर्ची पुसली आणि स्वतः एका टायरवर बसला. "मी तुम्हाला बोललो, साहेब गुस्सा असणार," तो म्हणाला. "माफ करना." मग बंपरकडे बघत म्हणाला, "ओरिजिनल बंपर टाकूया. चांगलं केलं तुम्ही." मी मान हलवली. मला त्याचीही समजूत काढावी लागेल असं वाटलं होतं, पण त्याने ती वेळ आणली नाही.

सर्व्हेअर तरुण होता, उन्हात फिरून दमलेला. त्याने माझ्याकडे फारसं पाहिलंच नाही, त्यामुळे बरं वाटलं. मोबाइलवर पुढून, बाजूने, खालून फोटो काढले. चेसिसचा नंबर टिपला. गाडी कोण चालवत होतं विचारलं, मी सांगितलं. लायसन्स दिलं. कुठे झालं, कसं झालं, समोर कुणी होतं का. मी सगळ्याची नीट उत्तरं दिली. माझा आवाज बँकेत पासबुक भरून घेताना असतो तसा होता.

हेडलाइट, बंपर, मडगार्ड, क्लिपा असं त्याने एकाखाली एक लिहिलं. मग एकदा गाडीभोवती फेरी मारली आणि पेन तयार ठेवून म्हणाला, "मॅडम, अजून काही नुकसान असेल तर आत्ताच सांगा. नंतर सांगितलेलं धरत नाहीत."

"हो," मी म्हटलं. "खूप झालंय."

"कुठे?" असं म्हणून तो गाडीकडे वळला आणि वाकून शोधायला लागला. मला त्याला सांगायचं होतं की तिथे नाही. पण तोवर मला रडू फुटलं होतं, मोठ्याने, भर गॅरेजात, सगळ्यांसमोर, आणि ते थांबवावं असं मला वाटलं नाही.